गोव्यात छापलेला एक ग्रंथ आणि त्याच्या कर्त्याच्या अस्थी

विज्ञान आणि धर्म यांच्या संबंधाचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा बहुधा गॅलिलिओपासून सुरू होते आणि तेथेच संपते. १६३३ साली रोम येथे झालेला तो खटला महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. परंतु त्याच्या कितीतरी आधी, आपल्याच किनाऱ्यावर, विद्या, धर्म आणि संस्कृती या तिन्हींना स्पर्श करणारे एक प्रकरण घडले. त्याची माहिती आपल्या धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना फारच थोडी असते. पणजीच्या चर्चजवळील नगर उद्यानाला ज्याचे नाव आहे, तो वैद्य गार्सिया द ओर्ता, त्याने लिहिलेला ग्रंथ आणि त्या दोघांच्या वाट्याला आलेली अगदी भिन्न नियती हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

१. मुद्रणालयाचे आगमन

हिंदुस्थानातील पहिले मुद्रणालय गोव्यात आले ते जणू वाट चुकून. ते निघाले होते ॲबिसीनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. तेथे नेमलेल्या धर्माधिकाऱ्यांबरोबर येशूसंघीयांनी ते पाठविले होते. ६ सप्टेंबर १५५६ रोजी जहाज गोव्यास लागले, पुढील प्रवासास अनुकूल परिस्थिती उरली नाही, आणि यंत्र जुन्या गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात बसविण्यात आले. बुस्तामांते नावाचा स्पॅनिश धर्मबंधू ते चालवी. त्याच वर्षी तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांचे वादविषय छापले गेले, आणि १५५७ मध्ये फ्रान्सिस झेवियरची धर्मप्रश्नोत्तरी. यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. उपलब्ध असलेले सर्वांत जुने पुस्तक १५६१ चे आहे. गोव्याचे पहिले आर्चबिशप गाश्पार द लियांव यांनी लिहिलेला तो ख्रिस्ती जीवनाविषयीचा आध्यात्मिक ग्रंथ होय.

या साऱ्या धार्मिक साहित्यानंतर, १० एप्रिल १५६३ रोजी, जुआंव द एंदेम या मुद्रकाच्या हातून एक वेगळ्याच प्रकारचे पुस्तक बाहेर पडले. त्याचे लांबलचक पोर्तुगीज नाव मराठीत सांगायचे तर 'हिंदुस्थानातील वनौषधी, औषधिद्रव्ये व वैद्यकीय वस्तू यांविषयी संवाद'. छपाई अत्यंत अशुद्ध झाली आहे आणि जोडलेले शुद्धिपत्रच कित्येक पानांचे आहे. तरीही या पुस्तकाने युरोपातील वैद्यकविद्येला एक नवे दालन उघडून दिले.

२. ग्रंथकर्ता

ओर्ताचा जन्म पोर्तुगालमधील कास्तेलु द वीद या गावी १५०१ च्या सुमारास झाला. त्याचे आईवडील स्पेनमधील यहुदी. १४९२ साली स्पेनच्या राजसत्तेने यहुदी लोकांना देशाबाहेर घालविले, तेव्हा ते सीमा ओलांडून पोर्तुगालात आले. पाच वर्षांनी, १४९७ मध्ये, पोर्तुगालच्या राजाने तेथील यहुदी लोकांचा सक्तीने बाप्तिस्मा करविला. अशा घराण्यांना 'नवे ख्रिस्ती' म्हणत. हे विशेषण पिढ्यान्‌पिढ्या चिकटून राही. आजोबांचा बाप्तिस्मा झाला असला तरी नातू 'नवा'च असे, आणि शेजाऱ्यांची नजर त्याच्या स्वयंपाकघरावर व शनिवारच्या दिनक्रमावर असे.

ओर्ता सालामांका व आल्काला येथील विद्यापीठांत शिकला, मायदेशी परतून वैद्यकी करू लागला, आणि लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापकही झाला. मार्च १५३४ मध्ये मार्तिम आफोंसो द सोझा या सेनापतीचा वैद्य म्हणून त्याने लिस्बन सोडले आणि सप्टेंबरात तो गोव्यास पोहोचला. दोनच वर्षांनी, १५३६ साली, पोर्तुगालात इन्क्विझिशन स्थापन झाले. ओर्ता पुन्हा कधीही मायदेशी गेला नाही.

गोव्यात त्याला मान मिळाला, धन मिळाले. राज्यपालांचा तो वैद्य होता. अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, बुऱ्हाण निजामशहा याच्याशी त्याचा स्नेह होता. निजामशहाच्या दरबारी येणाऱ्या मुसलमान हकिमांशी तो औषधांवर चर्चा करी. मुंबई बेट त्याच्याकडे दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने होते, आणि तेथील आपल्या वाडीत वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याचा उल्लेख त्याने ग्रंथात आवर्जून केला आहे. घारापुरीच्या व साष्टीच्या लेण्यांचे वर्णनही या ग्रंथात येते.

३. ग्रंथाचे स्वरूप

ग्रंथ संवादरूप आहे. स्पेनहून नुकताच आलेला रुआनो नावाचा विद्वान वैद्य प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतो. रुआनो हा बहुधा कल्पित असून तो ओर्ताच्या स्वतःच्या तरुणपणाचे रूप आहे, असे अभ्यासक मानतात. सालामांकात शिकलेले सारे ग्रीक व अरबी आचार्य त्याला मुखोद्गत आहेत, परंतु त्याने मिरीचा वेल पाहिलेला नाही. ओर्ताने तो पाहिला आहे. वनस्पतींच्या नावांनुसार रचलेल्या या साठाच्या आसपास संवादांचे सारे बळ या एका भेदात आहे. प्राचीनांचे वचन एकीकडे आणि डोळ्यांनी पाहिलेली, हाताने चोळलेली, जिभेने चाखलेली वस्तू दुसरीकडे. दोहोंत विरोध आला तर ओर्ता वस्तूचा पक्ष घेतो. स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध बोलण्याचे धैर्य आपल्याला झाले नसते, अशी कबुलीही तो देऊन टाकतो.

हिंग, कापूर, वेलची, हळद, चिंच, भांग, धोतरा, निर्गुडी, लिंब, फणस, नारळ अशी आपल्या नित्य परिचयाची द्रव्ये येथे प्रथमच युरोपीय छापील ग्रंथात बारकाव्यासह येतात. प्रत्येक द्रव्याला अरबी लोक काय म्हणतात, गुजराती काय म्हणतात, दख्खनचे लोक व गोव्याचे लोक कोणते नाव देतात, हे ओर्ता विचारून विचारून नोंदवितो. चोर लोक अन्नात धोतरा घालून माणसाला भुलीत कसे पाडतात, हे सांगताना तो घरातील दासीच्या अनुभवाचा आधार घेतो. आंतोनिया नावाची दासी मधून मधून येते, वस्तू आणून दाखविते. मालुपा नावाचा हिंदू वैद्यही संवादात प्रवेश करतो आणि आपले मत मांडतो.

पटकीच्या रोगावरील संवाद वैद्यकाच्या इतिहासात विशेष गाजला. मंद होत जाणारी नाडी, थंडगार अंग, खोल गेलेले डोळे, पायांना येणारे पेटके यांचे असे नेटके वर्णन त्यापूर्वी कोणा युरोपीय वैद्याने छापून प्रसिद्ध केलेले नव्हते. या रोगाचे स्थानिक नाव ओर्ता 'मोर्शी' असे देतो. हा आपला 'मोडशी' शब्द होय. पुढे पोर्तुगिजांनी त्याचे 'मोर्देशीं' केले, आणि फ्रेंचांनी त्यावरून 'कुत्र्याचे मरण' अशा अर्थाचा शब्द घडविला. आसगाव येथे जन्मलेले थोर गोमंतकीय धर्मगुरू व भाषापंडित सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी आपल्या १९१९ ते १९२१ या काळातील शब्दकोशात या शब्दाचे मूळ कोकणी-मराठीत दाखवून दिले. गोव्याच्या आजीबाईंच्या तोंडचा एक शब्द युरोपच्या वैद्यकग्रंथांत जाऊन बसला, तो या पुस्तकाच्या वाटेने.

पुस्तकाचा प्रवास दुसऱ्याही रीतीने झाला. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लूसियुस याला स्पेन-पोर्तुगालच्या प्रवासात १५६४ च्या सुमारास त्याची प्रत मिळाली. त्याने त्याचे लॅटिन संक्षिप्त रूप तयार केले आणि ते १५६७ साली अँटवर्प येथे छापले गेले. युरोपने ओर्ता वाचला तो मुख्यतः याच रूपात. या संक्षेपात औषधे राहिली, माणसे गेली. रुआनोचे प्रश्न, मालुपाचे मत, आंतोनियाची ये-जा यांना शास्त्रीय ग्रंथात जागा नव्हती. आपण एखाद्या जुन्या ग्रंथाचा सारांश वर्गात सांगतो तेव्हा काय टिकते आणि काय गळते, याचा विचार करण्यासाठी हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

४. दोन अनुज्ञा

आता प्रकरणाच्या कठीण भागाकडे वळले पाहिजे.

१५६० साली गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले. पहिला मुख्य न्यायाधीश आलेशु दियश फाल्कांव हा होता. ओर्ताच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, हा ग्रंथ पूज्य फाल्कांव यांनी पाहिला आहे, असे छापलेले आहे. म्हणजे इन्क्विझिशनच्या प्रमुखाने तो वाचला अथवा वाचविला, आणि त्याला त्यात आक्षेपार्ह काही आढळले नाही. व्हाइसरॉयने छपाईचा हक्क दिला. पोर्तुगिजांचा महाकवी कामोंइश त्या वेळी गोव्यात होता. त्याने व्हाइसरॉयला उद्देशून लिहिलेले स्तुतिकाव्य या ग्रंथाच्या आरंभी आहे, आणि कामोंइशची छापली गेलेली ती पहिली कविता होय. राजसत्ता, धर्मसत्ता आणि काव्य या तिघांचा आशीर्वाद लाभलेले पुस्तक याहून निराळे कसे असणार?

ओर्ता १५६८ साली मरण पावला. त्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशनने पकडले, आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. मेलेल्या माणसावरही खटला चालविण्याची त्या न्यायालयाची रीत होती. नातलगांच्या जबान्यांवरून ओर्ताही दोषी ठरला. ४ डिसेंबर १५८० रोजी, मृत्यूला बारा वर्षे झाल्यानंतर, त्याच्या अस्थी थडग्यातून उकरून काढून जाहीर समारंभात जाळण्यात आल्या.

ही हकिकत दीर्घकाळ विस्मृतीत गेली. ओर्ताचे मोठे चरित्र लिहिणारा व ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती काढणारा काउंट फिकाल्यु याला १८८६ साली तिची काहीच कल्पना नव्हती. लिस्बनच्या दफ्तरखान्यातील इन्क्विझिशनचे कागद तपासून आउगुस्तु दा सिल्वा कार्वाल्यु यांनी १९३४ साली ती उजेडात आणली. मराठी संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी १९५८ मध्ये हिंदुस्थानातील मुद्रणाचा इतिहास आणि १९६१ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनचा इतिहास असे दोन इंग्रजी ग्रंथ लिहिले. एकाच भूमीच्या या दोन कथा एकाच विद्वानाने लिहाव्यात हे योग्यच झाले, कारण त्या दोन्ही कथा ओर्ताच्या आयुष्यात एकत्र आल्या होत्या.

५. या घटनेचा अर्थ

येथे धर्मशिक्षकाने दोन सोप्या वाटा टाळल्या पाहिजेत.

पहिली वाट म्हणजे, चर्चने विज्ञानाचा गळा घोटला, असे म्हणून मोकळे होणे. ओर्ताच्या बाबतीत हे खरे नाही. त्याच्या वनस्पतिविद्येला कोणी हात लावला नाही. पुस्तकावर बंदी आली नाही, उलट न्यायाधीशाच्याच अनुज्ञेने ते निघाले. दंड झाला तो त्याच्या वंशाला आणि घरातील प्रार्थनेला. जबान्या तुरुंगात, भयाच्या छायेत घेतलेल्या होत्या, म्हणून त्यांवरून ओर्ताच्या अंतःकरणातील श्रद्धा कोणती होती हे खात्रीने ठरविणे इतिहासकारालाही अवघड जाते. एवढे मात्र निश्चित की ज्या आईवडिलांचा बाप्तिस्मा बळजबरीने झाला, त्यांच्या मुलांकडून निष्ठेची अपेक्षा करण्यात आली आणि ती शंकास्पद वाटताच अग्नी पेटविण्यात आला. अपराधाचे मूळ १४९७ च्या त्या सक्तीत आहे. सक्तीने दिलेल्या संस्कारातून संशय जन्मतो आणि संशयातून चिता पेटते. हे विज्ञानविरोधाहून अधिक गंभीर पाप आहे, कारण ते सुवार्तेच्या गाभ्यालाच घाव घालते.

दुसरी वाट म्हणजे, तो काळच तसा होता, किंवा तो दोष अमक्या पंथाचा होता, असे म्हणणे. काळाची सबब पुरी पडत नाही, कारण त्याही काळी सक्तीच्या बाप्तिस्म्याला विरोध करणारे धर्मपंडित होते. पंथाची सबब तर मुळीच टिकत नाही. ओर्ताचा ग्रंथ निघण्याच्या दहा वर्षे आधी, २७ ऑक्टोबर १५५३ रोजी, सुधारणावादी जिनीव्हा शहरात मायकेल सर्व्हेटस याला जाळण्यात आले. तोही वैद्यच होता. हृदयातून फुप्फुसांत व तेथून परत हृदयाकडे होणाऱ्या रक्तप्रवाहाचे वर्णन त्याने एका धर्मशास्त्रीय ग्रंथात केले होते. त्यालाही शिक्षा झाली ती वैद्यकाबद्दल नव्हे, तर त्रैक्याविषयीच्या मतांबद्दल. त्याचे पुस्तक मात्र त्याच्यासह जाळले गेले आणि जगात त्याच्या तीनच प्रती उरल्या. रोमन कॅथलिक असोत वा प्रॉटेस्टंट, या बाबतीत एकमेकांकडे बोट दाखविण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही.

मग उरते काय? कबुली. नहेम्या व दानीएल या दोघांनीही स्वतः न केलेल्या, पूर्वजांनी केलेल्या पापांची कबुली देवापुढे दिली, आणि तसे करताना 'आम्ही' हेच सर्वनाम वापरले. १९०३ साली जिनीव्हात कॅल्व्हिनच्याच परंपरेतील लोकांनी सर्व्हेटसच्या वधस्थानाजवळ प्रायश्चित्ताचा शिलास्तंभ उभारला. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये क्षमायाचनेच्या विशेष उपासनेत, सत्याच्या सेवेच्या नावाखाली झालेल्या असहिष्णुतेबद्दल व यहुदी लोकांविरुद्ध झालेल्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. अशा कबुलीने मंडळीची बदनामी होते, असे काही बंधूंना वाटते. आमचा अनुभव उलट आहे. जो शिक्षक ही कथा स्वतःहून सांगतो, त्याच्यावर तरुण विश्वास ठेवतात. ज्याच्याकडून ती लपविली जाते, त्याचे इतर बोलणेही त्यांना संशयास्पद वाटू लागते.

६. ग्रंथांची आणखी एक ओळ

ही कथा केवळ अंधाराची नव्हे, हेही सांगितले पाहिजे. ओर्ताच्या अस्थी जाळल्या गेल्या त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १५७९ मध्ये, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय गोव्यात उतरला. त्याने येथील भाषा मन लावून आत्मसात केली, आणि १६१६ साली राशोल येथे दहा हजारांहून अधिक ओव्यांचे त्याचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. त्याने रचलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये निघाले. परंतु ज्या सत्तेने मुद्रणालय दिले, तिनेच पुढे लोकभाषेकडे पाठ फिरविली. १६८४ च्या फर्मानाने स्थानिक भाषा सोडून देण्याची सक्ती केली. १६७४ नंतर तर गोव्यात छपाईच बंद पडली आणि १८२१ पर्यंत यंत्र पुन्हा हलले नाही. 'ख्रिस्तपुराणा'च्या जुन्या छापील आवृत्तींची एकही प्रत आज ज्ञात नाही. ते वाचले ते भाविकांनी हाताने उतरून घेतलेल्या पोथ्यांमुळे, आणि त्यांच्या आधारेच १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले.

दक्षिणेकडे कोचीन येथे डच राज्यपाल व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करविला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. या कामात मातेऊस नावाच्या कॅथलिक कार्मेलाइट संन्याशाने प्रॉटेस्टंट राज्यपालाला साहाय्य केले. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबरच रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य त्यात होते. गोव्याकडून तिकडे गेलेल्या समाजाचे हे लोक. त्यांचे नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात जसेच्या तसे छापलेले आहे. ओर्ताच्या ग्रंथात हिंदू वैद्य संवादातील एक पात्र होते. येथे तो आपल्या लिपीत, आपल्या सहीनिशी साक्षीदार म्हणून उभा राहिला. शतकभरात विद्येने टाकलेले हे पाऊल लहान नव्हते.

७. आपले काम

शुभवर्तमानकार लूक हा वैद्य होता, हे पौलाच्या पत्रावरून आपण जाणतो. रोग्याच्या नाडीवर बोट ठेवणाऱ्या वैद्याला वस्तुस्थितीशी खोटे बोलता येत नाही, कारण तसे केल्यास रोगी दगावतो. मंडळीचा इतिहास सांगणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे.

धर्मगुरू व धर्मशिक्षक यांच्यापुढे म्हणून दोन साध्या गोष्टी ठेवाव्याशा वाटतात. पहिली ही की, विज्ञान व धर्म या विषयावर बोलताना ऐकीव वाक्यांवर न राहता नेमके काय घडले, कोणाला शिक्षा झाली आणि कशासाठी, हे आधी पाहावे. दुसरी अशी की, आपल्या चर्चमधील जुनी कपाटे एकदा उघडावीत. बाप्तिस्म्याची जुनी पुस्तके, हस्तलिखित प्रश्नोत्तऱ्या, वाळवी लागत चाललेली गीतांची वही, कोणा आजोबांनी उतरलेले पुराण यांतील काय कधी मोलाचे ठरेल, हे आज सांगता येत नाही. गोव्यात छापलेल्या पहिल्या पुस्तकांची एकही प्रत आपण राखू शकलो नाही. ओर्ताच्या पुस्तकाच्या मूळ प्रती मोजक्या आहेत आणि त्या बहुतेक परदेशी ग्रंथालयांत आहेत.

ओर्ताचे थडगे आज दाखविता येत नाही. त्याची आठवण पणजीतील ते उद्यान तेवढे देते. तेथून जाताना आपल्या वर्गातील मुलांना त्या नावाविषयी एकदा विचारून पाहावे, आणि उत्तर आले नाही तर तेथेच एखाद्या बाकावर बसून ही सारी हकिकत, पुस्तक आणि अग्नी दोन्हींसह, त्यांना सांगावी.